घंटेकडे लक्ष देऊ नये

माणसाने सूड घेऊ नये, असे मला आजवर ज्या ज्या लोकांनी सांगितले, त्यांच्यापैकी कोणाचीही बायको बंद लिफ्टमध्ये दोन तास बसलेली नव्हती. म्हणून त्यांचे मत मी नोंदवून घेतो आणि पुढे जातो.

मी खडकीच्या कारखान्यात आस्थापना विभागात होतो. कामगाराने वरिष्ठाला शिवी दिली, पाळीवर झोपला, फाटकाबाहेर पितळ नेले, की त्याच्यावरचे आरोपपत्र माझ्या टेबलावर तयार होई. पुढे संध्याकाळच्या वर्गांना जाऊन कायद्याची पदवी घेतली. काळा कोट मात्र कधी घातला नाही. वडिलांनी छपन्न साली धम्म स्वीकारला तेव्हा मी शाळेत होतो. त्या वेळी त्यांनी मला जे सांगितले, त्यातले एक वाक्य मी नोकरीत आणि नोकरीनंतरही पाळले: "तोंडी सांगितलेलं हवेत जातं. लिहून दे आणि पोच घे."

निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावे लागले आणि आम्ही मांजरी गावाच्या बाजूला नव्याने उभ्या राहिलेल्या एका गृहरचना संस्थेत चौथ्या मजल्यावर सदनिका घेतली. कुंपणाच्या भिंतीपर्यंत ऊस होता. त्याच्या पलीकडे आणखी इमारती उठत होत्या आणि त्यांतल्या बहुतेक सदनिका संगणकाच्या कंपन्यांत काम करणारी तरुण जोडपी घेत होती. आम्ही ही जागा निवडली ती लिफ्ट होती म्हणून. माझ्या पत्नीचे गुडघे कधीच गेलेले होते. नगरपालिकेच्या शाळेत तिने आयुष्यभर उभे राहून शिकवले आणि निवृत्तीनंतरही दर रविवारी सकाळी ती खडकीच्या जुन्या विहारात जाऊन वस्तीतल्या मुलींना गणित शिकवीत असे. गणिताबरोबर चारचौघांत न घाबरता बोलायचे कसे, हेही शिकवीत असे. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे काही घडले ते सारे त्या रविवारांसाठी घडले.

नव्या घरात आल्यावर काही आठवड्यांतच विजेच्या भारनियमनात लिफ्ट मध्येच थांबली. आत ती एकटी होती आणि हातात भाजीची पिशवी. फार वेळ गेला नाही. परंतु त्या दिवसानंतर लिफ्टसमोर उभी राहिली की तिच्या छातीत धडधड सुरू होई, हातपाय गार पडत आणि श्वास पुरत नसे. जिन्याने चार मजले उतरणे गुडघ्यांना शक्य नव्हते. परिणाम असा झाला की तिचे खाली उतरणेच बंद झाले. पहिल्या रविवारी तिने मुलींना बरे नाही म्हणून निरोप पाठवला, दुसऱ्या रविवारीही तोच, आणि पुढे निरोप पाठवणेही थांबले. हृदयाच्या डॉक्टरांनी सर्व तपासण्या करून हृदयात दोष नाही असे सांगितले आणि एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवले.

या बाई वयाने आमच्या मुलीसारख्या, पण बोलणे नेमके. पहिल्या भेटीत त्यांनी पत्नीला बालपणाबद्दल काही विचारले नाही, स्वप्नांबद्दल तर नाहीच. भीती केव्हा वाटते, किती वाटते, त्याआधी काय घडते आणि नंतर आपण काय करता, एवढेच विचारले. मला ही पद्धत फार पसंत पडली. आरोपपत्रातही मनात काय होते हे कोणी लिहीत नाही. काय केले, कोठे केले, कोणासमोर केले, हेच लिहावे लागते.

त्या म्हणाल्या की या उपचाराला वर्तनोपचार म्हणतात आणि त्याचा पाया साधा आहे. भीती ही बहुधा शिकलेली गोष्ट असते आणि जे शिकता येते ते पुसताही येते. अमेरिकेत फार पूर्वी एका प्राध्यापकाने एका तान्ह्या मुलावर प्रयोग केला होता. ते मूल पांढऱ्या उंदराशी मजेत खेळत असे. मग उंदीर दाखवायचा आणि त्याच क्षणी मुलाच्या पाठीमागे लोखंडी दांड्यावर हातोडा हाणायचा, असे त्याने अनेकदा केले. अखेर नुसता उंदीर दिसला तरी मूल रडू लागले. आपल्या घरी लिफ्ट म्हणजे तो उंदीर आणि अंधार म्हणजे तो हातोडा, असे बाईंनी समजावले.

पत्नीने विचारले, "त्या मुलाची भीती मग कुणी घालवली?"

"कुणीच नाही. ती घालवायच्या आधीच आई त्याला घेऊन गेली."

"आणि त्या प्राध्यापकावर खटला?" मी विचारले.

बाई हसल्या. खटला झाला नाही, असे त्यांनी सांगितले. मी म्हटले, मग हे शास्त्र अद्याप अपुरे आहे.

परंतु त्याच्यानंतर काही वर्षांनी एका बाईने दुसऱ्या एका मुलाची सशाची भीती घालवली होती. मूल आवडीचा खाऊ खात असताना ससा दूर ठेवायचा आणि रोज थोडा जवळ आणायचा. शेवटी मूल एका हाताने खात होते आणि दुसऱ्या हाताने सशाला कुरवाळत होते. आपण तेच करायचे, असे ठरले. आधी लिफ्टच्या दारासमोर खुर्ची टाकून बसायचे. मग दार उघडे ठेवून आत बसायचे. मग माझ्याबरोबर एक मजला, मग दोन. प्रत्येक पायरीवर भीती ओसरेपर्यंत थांबायचे. घाबरून पळ काढायचा नाही, कारण पळण्याने जी सुटका वाटते तीच भीतीला खतपाणी घालते.

मी सांगतो, हे घडताना पाहणे म्हणजे काय असते ते मी पाहिले. जी बाई लिफ्टच्या दिशेने तोंडही करीत नव्हती, ती तिच्यात खुर्ची टाकून वाटाणे सोलत बसली. शेजारचे लोक जिन्याने उतरताना चमत्कारिक नजरेने बघत आणि ती त्यांना म्हणे, "या ना, दाणे खायला." मी तिच्याबरोबर खाली गेलो, वर आलो. शेवटची पायरी तेवढी राहिली: तिने एकटीने खाली जायचे, फाटकापर्यंत चालून यायचे आणि वर यायचे. त्या वेळी मी इमारतीत असता कामा नये, असे बाईंनी बजावले. मी जवळ असलो तर तिचे शरीर माझ्यावर विसंबते, लिफ्टवर नाही.

आता आमच्या अध्यक्षांविषयी.

ते चाळिशीचे होते. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घेणाऱ्या एका कंपनीत ते तिथल्या मुलामुलींना प्रशिक्षण देत. काम अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे, म्हणून झोप दुपारी. त्यांची सदनिका सर्वांत वर, लिफ्टच्या यंत्राच्या अगदी खाली. यंत्र फिरले की त्यांच्या झोपेचे खोबरे होई. त्यांनी कार्यकारिणीत ठराव मांडला की दुपारी एक ते चार लिफ्ट बंद ठेवावी, विजेचीही बचत होईल. पुण्यात दुपारी एक ते चार काय बंद ठेवावे यावर कोणी कधी वाद घालत नाही. दुकाने बंद, दारे बंद, मग लिफ्ट का नको? उरलेल्या सभासदांनाही पडी टाकायची होतीच. ठराव एकमताने संमत झाला. एक मत विरोधी होते, परंतु मी कार्यकारिणीत नसल्यामुळे ते मोजले गेले नाही. मी पत्र लिहिले. उत्तर आले नाही.

त्यानंतर मुलांचा प्रश्न निघाला. इमारतीतली पोरे लिफ्टमध्ये शिरून धोक्याची घंटा वाजवीत. रखवालदार धावत येई, पोरे खिदळत पळून जात. अध्यक्षांनी आपल्या प्रशिक्षणातले ज्ञान येथे वापरले. ज्या वर्तनाला दाद मिळते ते वाढते, ज्याला मिळत नाही ते मरते. त्यांच्या कार्यालयात चांगले काम करणाऱ्याला ते चांदण्या चिकटवीत आणि कुरकुर करणाऱ्याकडे पाहतही नसत. त्यांनी फलकावर सूचना लावली: लिफ्टमधील घंटा वाजल्यास रहिवाशांनी व रखवालदाराने घंटेकडे लक्ष देऊ नये, लक्ष दिल्याने मुलांना प्रोत्साहन मिळते.

मी दुसरे पत्र लिहिले. धोक्याची घंटा ही करमणुकीचे साधन नसून ती वाजल्यावर प्रतिसाद देणे हे संस्थेचे कर्तव्य आहे, त्यात कसूर झाल्यास जबाबदारी व्यक्तिशः अध्यक्षांवर राहील, असे स्पष्ट कळवले. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. फलक तसाच राहिला. आणि गंमत अशी की उपायाला यश येत होते. पोरांचा उत्साह हळूहळू कमी झाला होता.

तो मंगळवार होता. शाळेची बस येऊन गेल्यावर, म्हणजे साडेबारानंतर, लिफ्ट मोकळी असते, म्हणून ती वेळ ठरली होती. ठरल्याप्रमाणे मी घराबाहेर पडलो आणि हडपसरला गेलो. पत्नीने केस विंचरले, चांगली साडी नेसली आणि लिफ्टसमोर जाऊन उभी राहिली. तिथे ती किती वेळ उभी होती हे तिलाही सांगता आले नाही. मग आत गेली आणि बटण दाबले. त्या क्षणी एक वाजला होता की वाजायचा होता यावर पुढे बराच वाद झाला, पण रखवालदाराच्या मते वाजला होता. त्याने लिफ्टचा खटका खाली ओढला, खटक्याच्या खोलीला कुलूप लावले आणि तो डबा सोडायला बसला.

लिफ्ट तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली. दिवा गेला. घंटा बॅटरीवर चालणारी होती, ती वाजत राहिली.

मी तीनच्या सुमारास परतलो तेव्हा फाटकातच मला ती ऐकू आली. एकदा वाजे, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एकदा. रखवालदार मांजरी गावातलाच, पाय पसरून खुर्चीवर बसला होता. मी विचारले, घंटा कोण वाजवतो?

"पोरं हायती, काका. साहेबांनी सांगितलंय, बघायचं न्हाय. मगाशी वरून फोन करून पुन्हा सांगितलं."

मी त्याच्याकडून खोलीची किल्ली घेतली आणि खटका वर केला.

लिफ्ट खाली आली, दार उघडले. ती कोपऱ्यात जमिनीवर बसली होती, ज्या गुडघ्यांनी तिला जमिनीवर बसता येत नसे त्याच गुडघ्यांनी. साडी ओली होती. मी अंगावरचा सदरा काढून तिच्याभोवती धरला आणि तिला माझ्या बनियनच्या आड उभे केले. ती रडत नव्हती. तिला खुर्चीत बसवून, चौघांकडून उचलून जिन्याने वर न्यावे लागले, कारण लिफ्टमध्ये पुन्हा पाय ठेवायला तिने नकार दिला. पाणी प्यायल्यावर ती म्हणाली, "आधी मी जोरात वाजवली. मग वाटलं, लोक झोपले असतील, उगाच त्रास कशाला. म्हणून थांबून थांबून वाजवली."

या वाक्यानंतर माझ्या मनात क्षमेला जी काही जागा होती ती संपली.

अध्यक्ष संध्याकाळी आले. झोप झालेली दिसत होती. त्यांनी खेद व्यक्त केला. परंतु पहिल्या वाक्यात खेद आणि दुसऱ्यात बचाव. त्यांना ती मुलेच वाटली. मुले थांबून थांबूनच वाजवतात. आणि मध्येच एकदा जरी प्रतिसाद दिला असता तरी आजवरची सगळी मेहनत वाया गेली असती; ते शास्त्र आहे, काका. मी म्हटले की हे शास्त्र तुम्ही माझ्या पत्रांनाही लावलेत काय? ते हसले. मला वाटते त्यांना मी विनोद केला असे वाटले.

"खरं सांगू काका? हो. तुम्ही राग मानू नका, पण तुम्हा लोकांना अर्ज लिहायची फार हौस. उत्तर दिलं की दुसरा येतो."

'तुम्हा लोकांना' हे शब्द उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हते. सवयीच्या शब्दांना चेहरा लागत नाही. मी दार उघडून उभा राहिलो आणि ते निघून गेले.

पत्नीची अवस्था पहिल्यापेक्षा वाईट झाली. लिफ्ट तर दूरच, घराच्या दारापर्यंत जाणेही तिला नको होते, कारण तेथून लिफ्टचा आवाज येई. मानसशास्त्रज्ञ बाई आल्या, त्यांनी सर्व ऐकले आणि त्या प्रथमच संतापलेल्या मला दिसल्या. अर्धवट ज्ञानाचा हा परिणाम, असे त्या म्हणाल्या. दुर्लक्षाने वर्तन विझते हे खरे, पण ज्याला खरोखर मदत हवी आहे त्याच्याकडे दुर्लक्ष करायला कोणत्याही पुस्तकात सांगितलेले नाही. शिवाय वर्तन विझण्याआधी एकदा भडकते, हेही त्या गृहस्थांना कोणी शिकवलेले दिसत नाही.

मी विचारले, "आणि कधी दाद मिळाली, कधी नाही, असं केलं तर?"

तर ते वर्तन सर्वांत चिवट होते, असे त्यांनी सांगितले. कबुतराला प्रत्येक टोचीला दाणा दिला आणि मग बंद केला, तर ते लवकर कंटाळते. पण दाणा कधी पडेल याचा नेम नसला तर ते टोचत राहते, सदैव टवकारलेले राहते. मी हे कशासाठी विचारतो आहे, हे त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो.

आमच्या भागात रजिस्टर पत्रे घेऊन येणारा पोस्टमन दुपारी दीड ते अडीचच्या दरम्यान येई. पोच हवी असलेले पत्र असेल तर ज्याच्या नावे आहे त्याने स्वतः सही करावी लागे. मी अध्यक्षांना त्यांच्या नावे, संस्थेच्या नव्हे, पत्रे पाठवू लागलो. एका आठवड्यात लागोपाठ दोन दिवस, मग काही दिवस शांतता, मग एक, मग बराच काळ काहीच नाही, आणि त्यांना सुटलो असे वाटते न वाटते तोच पुन्हा. पत्रातला प्रत्येक मुद्दा वेगळा आणि प्रत्येक मुद्दा कायद्याला धरून: ठरावाची वैधता, रखवालदाराच्या जेवणाची सुट्टी, घंटेच्या बॅटरीची तपासणी, फलकावरील सूचनेची भाषा. एकही शब्द असभ्य नाही. मी आयुष्यभर आरोपपत्रे लिहिली होती. शिवी न देता माणसाला झोपू न देणारे गद्य मला येत होते.

लिफ्ट बंद असल्यामुळे पोस्टमनला सहा मजले चढावे लागत, म्हणून तो खालूनच त्यांच्या नावाने हाका मारी. हाक आली की वर खिडकी उघडे. मी माझ्या गॅलरीत वर्तमानपत्र घेऊन बसलेला असे. पहिल्या महिन्यात ते खिडकीतून ओरडत. दुसऱ्यात ते मुकाट्याने उतरून येत. पुढे पुढे तर असे झाले की पोस्टमनची सायकल फाटकातून आत आली, तो हाक मारायच्या आतच, खिडकी उघडू लागली. पत्र कधी दुसऱ्या कोणाचे असे, कधी नुसते विजेचे बिल असे, तरीही उघडे. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे आली. जिन्यात मी खाकरलो तरी त्यांचा खांदा उडे, हे मी स्वतः पाहिले आहे. त्यात मला आनंद झाला, हे लिहायला मला कसलाही संकोच वाटत नाही.

पत्रांच्या प्रती मी लिफ्टची तपासणी करणाऱ्या उद्वाहन निरीक्षकांच्या कार्यालयाला आणि सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांना पाठवीत होतोच. निरीक्षक एका दुपारी आले, ते नेमके एकनंतर. बंद खटका, कुलूपबंद खोली आणि घंटेकडे लक्ष देऊ नये हा छापील फलक, अध्यक्षांच्या सहीनिशी, त्यांनी भिंतीवरच पाहिला. आरोपीने स्वतः सही करून भिंतीला लावलेला पुरावा मला नोकरीत कधी मिळाला नव्हता. अध्यक्षांना व्यक्तिशः जबाबदार का धरू नये, अशी नोटीस आली. दुपारी लिफ्ट बंद ठेवणे त्याच दिवशी थांबले.

दोन दिवसांनी ते पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या दारात उभे राहिले. तक्रारदाराचे समाधान झाले आहे असे मी लेखी दिले तर प्रकरण समज देऊन मिटेल, नाहीतर पुढे जाईल, असे त्यांना वकिलाने सांगितले होते. कंपनीत हे कळले तर प्रशिक्षक म्हणून माझी काय अब्रू राहील, असे ते म्हणाले. मी त्यांना बसा म्हटले नाही. माझे समाधान व्हायचे नाही, असे सांगण्यासाठी मी तोंड उघडले, तेवढ्यात आतल्या खोलीतून पत्नी बाहेर आली. त्या मंगळवारनंतर परक्या माणसासमोर ती प्रथमच येत होती.

"अहो, त्यांना बसू द्या," ती मला म्हणाली. मग त्यांच्याकडे वळली. शाळेत फळ्यासमोर उभी राहून बोलत असे तोच आवाज. "माझं समाधान कशानं होईल ते मी सांगते. मी रोज दुपारी एक वाजता लिफ्टमध्ये बसणार. लिफ्ट मध्ये थांबवायची, दिवा घालवायचा. मी घंटा वाजवणार. आणि तुम्ही यायचं."

"रखवालदाराला सांगतो ना, काकू."

"रखवालदार नाही. तुम्ही. वरून. जिन्यानं. येऊन दार उघडायचं आणि म्हणायचं, काकू, मी आलो."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले.

मानसशास्त्रज्ञ बाईंना विचारल्याशिवाय हे करायचे नव्हते, म्हणून विचारले. त्या म्हणाल्या की उपचार म्हणून यात खोट काढता येत नाही. घंटा वाजवली तरी कोणी येत नाही, हे तिचे शरीर शिकले आहे. घंटा वाजवली की माणूस येतो, हे त्याला पुन्हा शिकवायला हवे. मात्र लिफ्टच्या कंपनीचा माणूस पहिले काही दिवस हजर हवा, आणि सुरुवात दार उघडे ठेवूनच. मी समाधानाचे पत्र लिहिले नाही. उपचार चालू असेतो तक्रारीचा आग्रह धरणार नाही, एवढेच निरीक्षकांना कळवले. अध्यक्षांना या दोन वाक्यांतला फरक वकिलाकडून समजून घ्यावा लागला.

अशा रीतीने तो क्रम सुरू झाला. पहिले दिवस फार कठीण गेले. तिचा घंटेवरचा अंगठा पांढरा पडे. पण वरून पावले वाजत, सहा मजल्यांवरून खाली येणारी, झोपेतून उठलेल्या माणसाची चपला फटकारीत येणारी पावले. दार उघडे, आणि केस विस्कटलेला तो गृहस्थ म्हणे, "काकू, मी आलो." त्यानंतर दिवे घालवले तरी चाले. नंतर लिफ्ट मजल्यांच्या मध्ये थांबवली तरी चाले. इमारतीतल्या बायका एक वाजता आपापल्या दारात येऊन उभ्या राहू लागल्या. एकीने एकदा अध्यक्षांना ताकाचा पेला पुढे केला, तेव्हा तिच्याकडे इतरांनी अशा नजरेने पाहिले की तिने तो स्वतःच पिऊन टाकला.

पावसाळा संपता संपता पत्नी एकटी लिफ्टने खाली उतरली, रिक्षात बसली आणि खडकीला गेली. मी गॅलरीतून पाहत होतो. मुलींनी तिला सांगितले की त्यांना वाटले होते बाई आता येत नाहीत. ती संध्याकाळी परत आली तेव्हा तिच्या बोटांना खडू लागलेला होता आणि तिने तो रात्रीच्या जेवणापर्यंत धुतला नाही.

मानसशास्त्रज्ञ बाईंनी तिला बरे झाल्याचे जाहीर केले आणि एक वाजताचा क्रम थांबवावा असे सुचवले. पत्नीने होय म्हटले. आणि दुसऱ्या दिवशी एक वाजता ती पदर सावरून लिफ्टकडे गेली. घंटा वाजली. चपला वाजल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. ही गोष्ट मी बाईंना कळवलेली नाही; वैद्यकीय सल्ल्याबाहेरचे वर्तन वैद्यांना कळवणे मला बंधनकारक नव्हते.

एके दिवशी अध्यक्षांनी दार उघडले, नेहमीचे तीन शब्द म्हटले आणि तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. मी जवळच उभा होतो. त्यांनी वर न पाहताच विचारले, "काकू, तुम्ही तर आता रविवारी सगळीकडे जाता. भीती गेली ना?"

"माझी गेली," पत्नी म्हणाली. "तुम्हाला अजून नीट आलेली नाही."

दिवाळीनंतर त्यांनी सदनिका विक्रीला काढली. राजीनामा आला, तो कार्यकारिणीने एकमताने स्वीकारला. त्यांनी दुसरीकडे तळमजल्याचे घर घेतले, असे कानावर आले.

ते गेले तो रविवार होता. ट्रक फाटकात उभा होता आणि हमाल लिफ्टमधून कपाटे, गाद्या, संगणकाचे खोके उतरवीत होते. पत्नीला खडकीला निघायचे होते. ती लिफ्टसमोर थांबली. लिफ्ट वरून आली, तीत अध्यक्ष एकटे, हातात देवघरातली समई गुंडाळून धरलेली. त्यांनी संकोचून विचारले की काकू, नंतर येऊ का, तुम्ही आधी जा. पत्नी आत शिरली आणि त्यांच्याशेजारी उभी राहिली. मी जिन्याने उतरलो. खाली दार उघडले तेव्हा ते घामाघूम झालेले होते आणि ती शांतपणे पर्समधून रिक्षासाठी सुटे पैसे काढत होती. चार मजल्यांत ती त्यांच्याशी एक शब्दही बोलली नव्हती, असे तिने मला पुढे सांगितले.

ट्रकपाशी त्यांनी समई हमालाकडे दिली, माझ्यासमोर आले आणि हात जोडले. म्हणाले, "काका, झालं गेलं विसरून जा."

मी म्हटले, "लिहून द्या. विचार करतो."

त्यांचे हात काही वेळ तसेच जोडलेले राहिले. माझे हात पाठीमागे होते आणि ते मी पुढे आणले नाहीत. पत्नीने रिक्षातून हाक मारली की मुली येऊन बसल्या असतील, उशीर होतो आहे. मी ट्रकला वळसा घालून गेलो आणि तिच्याशेजारी बसलो.